ग्राहक कार्ट भरतात, पण पैसे न भरताच परत जातात

प्रश्न
सदाशिव पेठेतील आमच्या घरगुती उद्योगातून मेतकूट, भाजणी आणि चटण्या आम्ही गेल्या दिवाळीपासून स्वतःच्या संकेतस्थळावर विकतो. ग्राहक वस्तू कार्टमध्ये टाकतात, पत्ता भरतात आणि तेथूनच निघून जातात. दहापैकी आठ वेळा असे घडते. सवलतीचे कूपन देऊनही फरक पडला नाही. सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १
प्रथम धीर धरावा. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूट या संस्थेने अनेक अभ्यासांवरून काढलेली, कार्ट भरून खरेदी न करताच जाणाऱ्यांची सरासरीच सुमारे ७० टक्के आहे, आणि त्यांतील बरेच जण नुसते भाव पाहायला आलेले असतात. मात्र आपले ग्राहक पत्ता भरल्यावर जातात, हे महत्त्वाचे आहे. मी आत्ताच आपल्याकडे खरेदी करून पाहिली. १५० रुपयांच्या मेतकुटावर ८० रुपये कुरिअरचे लागतील, हे मला पत्ता भरल्यानंतरच कळले. माझ्या मते गळतीचे मूळ तेथेच आहे. वस्तूच्या पानावरच पिनकोड विचारून घरपोच एकूण किंमत दाखवावी, आणि तीन-चार पाकिटे एकत्र घेतल्यास कुरिअर मोफत करणे परवडते का, याचा हिशेब मांडावा. किमतीचा काही भाग आधी न सांगणे हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही फसव्या रचनांमध्ये मोडतो, त्यामुळे हा बदल विक्री वाढो न वाढो, करायलाच हवा.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. कोथरूडमधील आमच्या साड्यांच्या व्यवसायात खाते उघडण्याची सक्ती काढून केवळ मोबाइल क्रमांकावर खरेदी सुरू केली, तेव्हा पुष्कळ फरक पडला. मोबाइलवर यूपीआय आयडी टाइप करायला लावण्याऐवजी ग्राहकाचे यूपीआय ॲप थेट उघडेल, अशी सोय करून घ्यावी.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. घरपोच एकूण किंमत आजच वस्तूच्या पानावर आणते. माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय ठेवावी का?

प्रतिसाद २
साडी परत आली तर पुन्हा विकता येते, चटणीचे पाकीट नाही. शिवाय दोन्ही वेळचे कुरिअर आपल्याच माथी येते. म्हणून मी सध्या ती सोय ठेवणार नाही. नव्या ग्राहकाला विश्वास वाटावा यासाठी अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, पेठेतील पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक पैसे भरण्याच्या पानावरच ठळक द्यावेत.