'शुद्ध केलेला प्रिऑन' म्हणायचं का?

अमळनेरकर: कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी टिपण लिहितोय. प्रिऑन म्हणजे रोग पसरवणारं प्रथिन. 'प्युरिफाइड प्रिऑन'ला 'शुद्ध केलेला प्रिऑन' लिहिलं, तो हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याला टोचला की रोग होतो हेही लिहिलं. एका विद्यार्थिनीने विचारलं, "शुद्ध केला, तर मग हॅमस्टरला रोग कसा झाला?" तिचं बरोबर आहे. पाणी शुद्ध केलं की रोग जातो. इथे बाकी सगळं काढून रोग देणारं तेवढंच उरवायचं. शब्द सुचवा.

शब्दनिष्ठ: 'विलगीकरण'. तयार शब्द आहे.

चोपड्याची मावशी: नको हो. २०२० नंतर तो शब्द माणसांसाठीच झालाय. शाळेच्या खोल्यांतल्या खाटा आठवतात.

साक्रीकर: खळ्यावर दादर ज्वारी उफणतात, भूस उडतं, दाणा राहतो. 'उफणलेला प्रिऑन' का नको, भो? आमनाकडे असंच म्हनतस.

भुसावळहून: उफणल्यावर दाणा डोळ्यांना दिसतो. इथे काही दिसत नाही. स्क्रेपी (मेंढ्यांमधला प्रिऑनचा मेंदूरोग) झालेल्या प्राण्याचा मेंदू वाटायचा, डिटर्जंट घालायचं, साखरेच्या द्रावणात प्रचंड वेगाने फिरवायचं. मग प्रोटिनेज के, म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर. त्यात साधी प्रथिनं पचून जातात, प्रिऑनचा गाभा टिकतो. पण संसर्ग कोणत्या थरात उतरला हे कळायला तो थर जिवंत प्राण्याला टोचून थांबावं लागतं. उंदरांत वर्ष जाई, म्हणून 'प्रिऑन' हे नाव देणारे संशोधक प्रुसिनर हॅमस्टरकडे वळले. न्यूक्लिक आम्लं (डीएनए, आरएनए) नासवली तरी संसर्ग जाईना, प्रथिन मोडलं की घटे. रोग प्रथिनामुळेच पसरतो हा १९८२चा त्यांचा दावा यावरच उभा आहे. एवढ्या कष्टाला 'निखळ' शोभतो.

शब्दनिष्ठ: निखळ आनंद असतो. निखळ रोगजंतू?

भुसावळहून: जंतू म्हणूच नका! जंतू जिवंत असतो. हे वाकडं दुमडलेलं प्रथिन आहे, शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही वाकडं करतं.

चोपड्याची मावशी: मग 'प्रथिनविष'?

भुसावळहून: विष स्वतःसारखं दुसरं विष घडवत नाही, मावशी. प्रिऑन घडवतो.

शब्दनिष्ठ: संस्कृत धातूपासून घडवू. घाई काय आहे?

अमळनेरकर: भित्तिपत्रक सोमवारी लागतंय.

साक्रीकर: आधी 'प्रिऑन' की 'प्रायॉन' ते ठरवा. माझ्या मुलाच्या पुस्तकात 'प्रायॉन' आहे.

भुसावळहून: प्रुसिनर 'प्री-ऑन' म्हणतात. 'प्रायॉन' हा दक्षिणेकडच्या समुद्रावरचा पक्षी.

शब्दनिष्ठ: मराठीत कानाला जे रुळलं तेच चालवायचं. डॉक्टर 'प्रायॉन'च म्हणतात.

चोपड्याची मावशी: शब्दनिष्ठ, तुम्ही आता रुळलेल्याची बाजू घेता? मग 'प्युरिफाय केलेला'सुद्धा रुळलेलाच आहे.