जलरंगात आकाशाला पट्टे पडतात, उन्हाळ्यात सपाट वॉश (रंगाचा एकसारखा पातळ थर) कसा लावायचा?

तापीकाठ (भुसावळ)
जलरंग नुकतेच सुरू केलेत. केळीच्या बागेवरचं आकाश रंगवायला घेतलं की दुसरा फटकारा मारेपर्यंत पहिला सुकलेला असतो आणि निळे पट्टे दिसतात. ते मिटवायला ओला ब्रश फिरवला की फुलकोबीसारखे डाग उमटतात. साहित्य: ए-४ ड्रॉइंग शीट (१५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाची), सहा नंबरचा गोल ब्रश, विद्यार्थी दर्जाच्या ट्यूब. पंखा चालू असतो. चूक हाताची की कागदाची? फरक पडणार असेल तर चांगला कागद घेईन.

सातमाळा
दोन्ही, पण आधी पंखा आणि ब्रश बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो, हवा कोरडी ठाक. त्यात वरून पंखा, म्हणजे पातळ थराची चकाकी बघता बघता जाते. सहा नंबरच्या ब्रशमध्ये ए-४ ची रुंदी एका दमात भरेल एवढं पाणी मावत नाही. तुम्ही परत बुडवायला जाता तेवढ्यात कड सुकते. तीच कड पुढे पट्टा म्हणून दिसते.

पंखा बंद करा. एक इंची चपटा ब्रश घ्या, किंवा १२ नंबरचा गोल. रंग आधीच वाटीत कालवून ठेवा: ए-४ साठी चहाचे चार चमचे, साधारण २० मिली. सगळा लागणार नाही, पण मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जुळत नाही. हवा त्यापेक्षा किंचित गडदच कालवा, जलरंग सुकल्यावर फिका पडतो.

कागद चारही बाजूंनी टेपने बोर्डावर चिकटवा आणि बोर्डाच्या वरच्या कडेखाली एक वीट आडवी ठेवा. पहिला फटकारा डावीकडून उजवीकडे. त्याच्या खालच्या कडेला रंगाची फुगीर रेघ साचली पाहिजे. ब्रश पुन्हा भरून दुसरा फटकारा त्या रेघेला शिवत मारायचा, म्हणजे रेघ एक पायरी खाली सरकते. रेघ साचतच नसेल तर ब्रशमध्ये रंग कमी आहे. ती सुटून धावत असेल तर वीट काढून जाड वही ठेवा.

तळाशी जमलेला रंग पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. नाहीतर वरचा भाग सुकत आला की ते पाणी उलटं वर शिरतं, रंगाचे कण ढकलत नेतं आणि कडेला सोडतं. तुमची फुलकोबी तीच. अर्धवट ओल्या भागावर ओला ब्रश फिरवला तरी हेच होतं, म्हणून मागे वळून दुरुस्ती नको.

रंगपेटी (धुळे)
वरचं सगळं बरोबर. भर एवढीच की पाण्यात ग्लिसरीन टाका, अर्ध्या कपाला दोन-तीन थेंब. रंग सावकाश सुकतो. कूलर असेल तर त्याच खोलीत बसा, हवेत ओल राहते. झोत मात्र कागदावर नको.

सातमाळा
ताई, कूलरचं पटलं. ग्लिसरीन नवशिक्याला नको. थेंब जास्त झाले तर थर चिकट राहतो आणि पावसाळ्यात त्याच चित्रावर बुरशी धरते. त्यापेक्षा कागद बदलावा. १५० जीएसएम ओला झाला की फुगून लाटा येतात आणि रंग खळग्यांत जमतो. ३०० जीएसएमचा, शक्यतो पूर्ण कापसाचा कागद घ्या, तो पाणी आत धरून ठेवतो. महाग वाटला तर ए-५ चे तुकडे करून सराव करा. क्षेत्र निम्मं, म्हणजे सुकण्याशी शर्यतही निम्मी.

भर उन्हाळ्यात तोच कागद दोन्ही बाजूंनी पाणी लावून पाच मिनिटं अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर चिकटवून ठेवा आणि वरची चकाकी गेली की रंग लावा. खालून ओल मिळत राहते.

तापीकाठ (भुसावळ)
धन्यवाद भाऊ, ताई. आकाश पूर्ण खालपर्यंत न्यायचं की केळीच्या पानांपाशी थांबवायचं?

केळीबाग (रावेर)
थांबवू नका, विरवत न्या. पानाच्या कडेशी थांबलात तर तिथे कडक रेघ बसते. प्रत्येक फटकाऱ्याला वाटीत थोडं पाणी वाढवा, शेवटचे दोन नुसत्या पाण्याचे. उन्हाळ्यात आपलं आकाश क्षितिजाजवळ धुळीने पांढुरकंच असतं, त्यामुळे ते खरंही दिसतं. तिथे यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) हलका हात द्यायचा असेल तर निळा अल्ट्रामरीन असू द्या. प्रशियन ब्लू ऑकरला लगेच हिरवं करतो.

पानांसाठी ट्यूबमधला तयार हिरवा सगळीकडे लावू नका. केळीचं एकच पान दोन रंगांचं असतं. ऊन मागून येतं तिथे ते पिवळं पेटतं, तिथे लेमन यलोत निळ्याचा टिपूस पुरे. वर वळलेला चकचकीत भाग आकाश परावर्तित करतो, तो निळसर-राखाडी आणि फिका. मधला दांडा कागदाचाच पांढरा सोडा. वाऱ्याने फाटलेल्या चिरा दांड्यापासून कडेकडे जातात, त्याही रंग न लावता सोडायच्या, नंतर पांढऱ्याने काढलेल्या उपऱ्या दिसतात.

आणि पानं घेण्याआधी आकाश सुकलंय का ते बोटाच्या मागच्या बाजूने बघा. कागद गार लागला तर आत ओल आहे, हिरवा पसरेल.