लांब पल्ल्याची सायकल आणि विश्वास: तुमचे अनुभव सांगा

मागचंचाक
माळा आवरताना जुनं बायबल खाली काढलं आणि त्यातून ब्रेव्हेचं, म्हणजे ठरल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडचं, कार्ड पडलं. ३०० किमी, मुदत २० तास. शेवटचा शिक्क्याचा चौकोन कोरा.

तेव्हा मी नवा सायकलवाला आणि जरा जास्तच भाविक. चढ आला की 'प्रभू, बळ दे' आणि चढ संपला की शाबासकी मात्र स्वतःला. २४० किमीच्या आसपास सगळंच संपलं. सायकल मैलाच्या दगडाला टेकवून हेल्मेटसकट आडवा झालो. बोटं इतकी थरथरत होती की हनुवटीखालचा पट्टा सुटेना. प्रार्थना करावी तर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'च्या पुढचं काही आठवेना.

त्याच ब्रेव्हेतला एक अनोळखी माणूस थांबला. "शेवटचं कधी खाल्लंस?" खिशातून काळं पडलेलं, चेंबलेलं केळं काढलं, सोलून हातात दिलं. "दहा मिनिटं झोप. मी आहे." वेळ त्याचाही जात होता. २० तास २५ मिनिटांनी पोचलो. दोघंही बाद.

नंतर एलीयाची गोष्ट पुन्हा वाचली, १ राजे १९. झुडपाखाली बसून 'आता पुरे, जीव घे माझा' म्हणणारा संदेष्टा. देवदूत त्याला उपदेशाचं चकार अक्षर सुनावत नाही. खायला देतो, झोपू देतो, उठवून परत खायला देतो, पल्ला लांबचा आहे म्हणून. इतकी वर्षं वाचून मला ती भाकर दिसलीच नव्हती.

तुमचं सांगा. सायकल नसली तरी चालेल.

घंटी_नसलेला
बाँक झाला होता तुम्हाला दादा. जोर लावून चालवलं की दीड-दोन तासांत ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेचा, साठा तळाला जातो, मधे मधे खात राहावं लागतं. मी देवबिव मानत नाही, पण केळंवाला पटला.

मागचंचाक
तोही मानत नव्हता म्हणे 🙂

रविवारची_गैरहजर
माझी अडचण निराळी. सगळ्या मोठ्या राइड नेमक्या रविवारी पहाटे. पाळकसाहेब प्रेमाने विचारतात, "ताई, मागच्या रविवारी बरं नव्हतं का?" आणि माझ्या दोन्ही गालांवर हेल्मेटच्या पट्ट्यांचे पांढरे वळ. खोटं बोलायचीही सोय नाही.

तिसरा_गिअर
गलतीकरांस पत्र, अध्याय ६. दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा, पाचव्यात ज्याने त्याने आपला भार वाहावा. तीन ओळींत पौल फिरला की काय, असं वाटायचं. मग ब्रेव्हे केली. मदतीची गाडी फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी, चालते, अधेमधे नाही. पण सोबतचा सायकलवाला ट्यूब देऊ शकतो, वारा अडवू शकतो. पॅडल मात्र आपलं आपणच मारायचं. समोरच्या वाऱ्यात ८० किमी मी एका काकांच्या मागच्या चाकाला चिकटून काढले. नाव विचारायचं राहिलं, त्यांच्या पाठीवरचा घामाचा नकाशा अजून डोळ्यांपुढे आहे.

चेनऑइल
८० किमी मागेच? एकदाही पुढे नाही आलात? फुकटे! 😂

तिसरा_गिअर
कृपा फुकटच असते हो.

उशिराचा_दिवा
हे गेल्यावर ह्यांचीच सायकल काढली. सीट उंच, पाय जेमतेम टेकायचे, पण खाली करायला हात होईना. पहिली १०० किमी तशीच केली. डोंगरांकडे दृष्टी लावायचं ते स्तोत्र १२१ सगळे उत्साहाने म्हणतात, मला डोंगर दिसला की धडकीच भरायची. प्रार्थना एकदाही केली नाही, रागच होता. उतारावर रडले. वाऱ्यानेही डोळ्यांत पाणी येतं, कुणी विचारत नाही. बाकीचं मग, गॅसवर दूध आहे

घंटी_नसलेला
सावकाश लिहा ताई.

जुनी_फ्रेम
जिनो बार्ताली कुणालाच आठवला नाही? इटलीचा, पक्का कॅथलिक. १९३८ आणि १९४८ अशी दोनदा टूर द फ्रान्स जिंकला. मधल्या युद्धात सरावाच्या नावाखाली सायकलच्या नळीत लपवून खोटी कागदपत्रं पोचवायचा, ज्यू लोकांचे जीव वाचावेत म्हणून. सापडला असता तर खेळ खलास. पुढे त्याबद्दल बोलायचंही टाळायचा. याद वाशेमने, म्हणजे ज्यू नरसंहाराच्या इस्रायलमधल्या स्मारक संस्थेने, गौरवलं २०१३ मध्ये, तो जाऊन १३ वर्षं झाल्यावर. आणि आपण ४० किमी केले की घाम पुसायच्या आधी फोटो.

चेनऑइल
३८.६ भरले तर बिल्डिंगला चकरा मारून ४० करतो मी, उगाच बदनामी नको.

ओले_मोजे
विषय सोडून विचारतो, माफ करा. १५० च्या पुढे मांड्या सोलवटतात, काय लावता? नुसत्या विश्वासाने भागत नाहीये

रविवारची_गैरहजर
पेट्रोलियम जेली, निघायच्या आधीच. आणि पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालू नका.

मागचंचाक
उशिराचा_दिवा ताई, दूध उतरवलं का?

उशिराचा_दिवा
उतू गेलं थोडं. एक विचारू? सीटच्या क्लॅम्पला पाच नंबरचीच ॲलन की लागते ना?

मागचंचाक
बहुतेक तीच. पण सैल करायच्या आधी आत्ताच्या उंचीवर टेपची खूण करून ठेवा.