मदत हवी आहे: अ‍ॅसिडिटीमुळे फिलिंगची चकाकी गेली, आता कॅप टिकेल का?

मंडळी, आईसाठी विचारतेय. तिला बऱ्याच वर्षांपासून अ‍ॅसिडिटी आहे. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, सकाळी दात आंबलेले असतात. वरच्या पुढच्या दातांना कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं) फिलिंग आहे. केलं तेव्हा दात कुठे संपतो आणि फिलिंग कुठे सुरू होतं, हे कळत नव्हतं. आता ते निस्तेज, पिवळट दिसतं आणि कडेला तपकिरी रेघ आली आहे. जिभेला फिलिंग वर आल्यासारखं लागतं म्हणते. टॉर्च लावून पाहिलं, तर आतल्या बाजूने खरंच बेटासारखं उभं आहे.

डॉक्टरांनी झिर्कोनिया किंवा ई-मॅक्सची (दोन्ही सिरॅमिकचे प्रकार) कॅप सुचवली आहे. खर्च मोठा आहे. पण आई हल्ली फोटोत ओठ मिटून घेते, ते बघवत नाही. कॅपचीही अशीच गत होईल का? फिलिंग नुसतं पॉलिश करून भागेल का?

प्रतिसाद १
मी दंतवैद्य आहे. फिलिंग वर आलेलं नाही, भोवतीचा दात झिजून खाली गेलाय. पीएच जितका कमी तितकं आम्ल तीव्र. साधारण ५.५ पीएचच्या खाली इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) विरघळायला लागतं आणि जठरातलं आम्ल १ ते २ पीएचचं असतं. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजणं ही तर रिफ्लक्सची (पोटातलं आम्ल वर येण्याची) ओळखीची खूण.

कॉम्पोझिट दातासारखं विरघळत नाही, पण आम्लाने त्यातलं रेझिन (प्लास्टिकसारखा भाग) मऊ पडतं, पृष्ठभाग खरबरीत होतो. मग चकाकी जाते आणि चहा-हळदीचे डाग धरतात. वरवरचे डाग पॉलिशने निघतात, पण कडेची रेघ फट पडल्यामुळे असेल तर तिथे फिलिंग बदलावं लागतं. ग्लास आयोनोमर हे दुसऱ्या प्रकारचं फिलिंग मात्र अशा तोंडात नकोच, ते आम्लात आणखी लवकर झिजतं.

झिर्कोनिया आम्लाला चांगली टिकते. ई-मॅक्स पुढच्या दातांना छान दिसते, पण वरचं ग्लेझ (चकाकीचा थर) थोडं उतरू शकतं. मात्र कॅपच्या कडेखाली तुमच्या आईंचा स्वतःचाच दात असतो. आम्ल येत राहिलं तर तो झिजणार. म्हणून आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, कॅपचं त्यानंतर ठरवा.

प्रतिसाद २
माझ्या सासूबाईंचंही असंच होतं. आंबट पाणी आलं की त्या लगेच ब्रश करायच्या. डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं, कारण आम्लाने मऊ झालेलं इनॅमल ब्रशने जास्त घासलं जातं. आता आधी खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरतात, ब्रश तासाभराने. रात्रीचं जेवणही लवकर उरकतात.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आईसुद्धा लगेच ब्रश करते, तोंड आंबट नको म्हणून! आजच सांगते. पोटाच्या डॉक्टरांची वेळ घेतेय, तोवर कॅप थांबवते. एकच विचारायचं होतं: रात्री झोपेत पाणी वर येतं, तेव्हा चूळ भरणं होत नाही. त्यासाठी डाव्या कुशीवर झोपल्याने फरक पडतो का?

प्रतिसाद १
हो, बऱ्याच जणांना पडतो. पलंगाची डोक्याकडची बाजूही थोडी उंच करा. नुसती उशी वाढवून उपयोग होत नाही, त्याने पोटच दुमडतं.