दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल, आत ब्लीच घालतात??

राजारामपुरीची_आई:
पोरगा साडेपाच वर्षांचा, खालची सगळ्यात मागची दुधाची दाढ किडलीय, हिरडीवर पुटकुळी आलीय अन् दाबली की पू येतो. डॉक्टर म्हणाले रूट कॅनाल करू, आतनं सोडियम हायपोक्लोराइटनं धुवायचं आणि वर स्टीलची कॅप. घरी येऊन नेटवर बघितलं तर ते कपड्याचं ब्लीच निघालं! सासूबाईंचं एकच, पडणारच दात हाय, काढून टाका. कुणी केलंय का?

पेठेतला_भावा:
ताई काढायची घाई नको. आमच्या पुतणीची काढली, जागा राखायची वायर काय बसवली नाही, मागची पक्की दाढ पुढं सरकली आणि आता खालनं येणारा दात अडकून बसलाय.

लहानग्यांचे_दात:
मी हेच काम करते, एक्सरे न बघता जेवढं सांगता येतं तेवढं सांगते. ही दाढ 10 ते 12 व्या वर्षी पडते, म्हणजे अजून बरीच वर्षं चावायचंय त्याला. दुधाच्या दाढेच्या नळ्या फितीसारख्या चपट्या, मध्येच फाटे फुटलेल्या, फाईल (नळी आतनं घासायची बारीक सुई) सगळीकडं पोचतच नाही, मग त्या कोपऱ्यातला सडका भाग विरघळवायचं आणि जंतू मारायचं काम या औषधाचं. 1 टक्का वापरणारे आहेत, जास्त वापरणारेही आहेत. भीती अगदीच खोटी नाही हां, दुधाच्या दातांची मुळं झिजत जातात, टोक उघडं असलं आणि सिरिंज जोरात दाबली की औषध बाहेर जातं, दुखतं आणि गाल टम्म सुजतो. म्हणून बाजूला भोक असलेली सुई, टोकाच्या अलीकडंच थांबवून, अगदी हळू, आणि दातावर रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पातळ पडदा). डॉक्टरांना हेच विचारा, ब्लीच का म्हणून भांडू नका 😄

राजारामपुरीची_आई:
मग ते माउथवॉशमधलं क्लोरहेक्सिडिन नाही का चालत?

लहानग्यांचे_दात:
जंतू मारतं, पण सडका भाग विरघळवत नाही. दोन्ही वापरायची असली तर मध्ये सलाईननं धुवावं लागतं, एकत्र आली की तपकिरी साका धरतो. आणि एक्सरेत मुळं फार झिजलेली दिसली किंवा इन्फेक्शन खालच्या पक्क्या दातापर्यंत गेलेलं असलं तर मात्र सासूबाईंचं ऐका, फक्त वायरचं तेव्हाच विचारून घ्या.