रिफ्यूज एरियाला ग्रिल आणि कुलूप: नियम नक्की कुठला लागू?

बाणेरकर:
आमची इमारत 14 मजली. आठव्या मजल्यावरच्या रिफ्यूज एरियाला (आग लागली की सुटका होईपर्यंत थांबायची जागा) कमिटीने ग्रिल बसवून कुलूप लावलंय. आत गणपतीच्या मांडवाचं सामान, जुनी कपाटं, सायकली. सेक्रेटरी म्हणतात, राष्ट्रीय इमारत संहिता ही नुसती शिफारस, कायदा नव्हे. माझी आई दहाव्या मजल्यावर राहते, वॉकर घेऊन चालते. सेक्रेटरींचं म्हणणं खरं आहे का?

नकाशावाली (आर्किटेक्टकडे वीस-एक वर्षं काम केलंय):
अर्धंच खरं. भारतीय मानक ब्युरोची 2016 ची संहिता आपोआप लागू होत नाही, बांधकाम नियम राज्य ठरवतं. पण पुण्याला 2020 ची एकत्रिकृत नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे आणि आगीच्या बाबतीत ती संहितेचाच आधार घेते. शिवाय राज्याचा 2006 चा अग्निसुरक्षा कायदा आहेच. 24 मीटरच्या वर इमारत गेली की सहसा रिफ्यूज एरिया लागतो. माणशी 0.3 चौरस मीटर, बाहेरच्या भिंतीला लागून, किमान एका बाजूने उघडा.

ग्रिलमधून धूर बाहेर जाईलही. पण शिडीवरून येणारा अग्निशमन दलाचा जवान आत कसा शिरणार? आणि वॉकर घेऊन आलेल्या आजींनी कुलपाची किल्ली कुणाकडे मागायची? कपाटांनी अडलेली जागा म्हणजे तितकी माणसं कमी मावणार, एवढा साधा हिशोब आहे. ही जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या हिशोबात, धरत नाहीत, ती फक्त याच कामासाठी सोडलेली असते. गोदाम करायचा हक्क कमिटीलाही नाही, सर्वसाधारण सभेत ठराव करूनही नाही.

शिंदे_वारजे:
बाणेरकर, फॉर्म बी बघा. दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. मागच्या दोन फॉर्मची प्रत लेखी मागा. एजन्सीने कुलूप पाहूनही सही केली असेल तर तेही विचारा.

बाणेरकर:
मंजूर नकाशा सोसायटीकडे नाही म्हणतात.

नकाशावाली:
माहितीच्या अधिकारात महापालिकेच्या बांधकाम विभागाकडून मिळेल. त्यावर जागा 'रिफ्यूज' अशी लिहिलेली असते. ती प्रत आणि कुलपाचा फोटो जोडून अग्निशमन विभागाला अर्ज द्या, पोच घ्या. तोवर किल्ली किमान वॉचमनकडे ठेवायला भाग पाडा. आजच.