घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

एकांनी लिहिलंय, माझे वडील घोरतात म्हणजे त्यांना छान झोप लागते. कृपया असं समजू नका. घोरण्यामागे स्लीप अ‍ॅप्निया हा आजार असू शकतो. त्यात झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग पुन्हा पुन्हा बंद होतो. श्वास किमान १० सेकंद अडला की तो एक अ‍ॅप्निया. तासाला असे पूर्ण-अर्धवट अडथळे ३० किंवा जास्त असतील तर आजार तीव्र. दर वेळी ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून उठवतो, रक्तदाब चढतो. तीन-तीन गोळ्यांनीही बीपी आटोक्यात येत नसेल तर झोपेची तपासणी कराच. माझ्या काकांनाही हा आजार होता. रात्रीची झोप अशी तुटायची, मग कोथरूडहून चाकणला गाडीने जाताना सिग्नलला डुलकी लागायची! सीपॅप (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) लावल्यावर ती थांबली. बारीक माणसांनाही हे होतं, बरं का. आणि वडिलांना स्वतःच्या मनाने झोपेची गोळी मुळीच देऊ नका, काही गोळ्यांनी घसा आणखी सैलावतो.